आदल्या दिवशीच्या चांगुणाताई

डबा हातात दिला की चांगुणाताई झाकण उघडत नसत. आधी डबा कानाशी नेऊन एकदा हलवायच्या. आत काही डुचमळलं की डबा परत. "पानी बोलतंय," एवढंच म्हणायच्या, आणि डबा आणणारा माणूस, मग तो बँकेतला अधिकारी का असेना, मान खाली घालून जिना चढायला लागायचा.

मी तो जिना चढलेलो आहे. त्याची हकिकत पुढे येईलच. टाळावी असं फार वाटतं, पण बायको हे वाचणार आहे.

आमची इमारत रोडपालीची, चार मजली, सोळा बिऱ्हाडांची. मी कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका वाहतूक कचेरीत कारकून. चांगुणाताई तळमजल्यावर, जिन्याला लागून. मूळच्या उरणकडच्या, कोळ्यांच्या. वडील, भाऊ सगळे होडीवरचे. नवरा बंदरात नोकरीला होता, तो गेल्यावर त्या मुलाबरोबर इथे राहायला आल्या. बरीच वर्षं पनवेलच्या बाजारात त्यांनी सुकी मासळी विकली होती, त्यामुळे आवाज असा की चौथ्या मजल्यावरच्या माणसाला निरोप द्यायला त्यांना कधी फोन लागला नाही. ठेंगणी मूर्ती, कपाळावर ठळक गोंदण, आणि एखादी गोष्ट ठरली की खालचा ओठ जरा पुढे यायचा. तो ओठ पुढे आला की वाद घालण्यात अर्थ नसे. हे कळायला इमारतीला तीन सहली लागल्या.

पहिली सहल दोन हजार तीन-चारच्या सुमाराची. जानेवारीतला रविवार, भाड्याची मिनीबस, आणि नेऱ्याच्या पुढे धरणाचा काठ. सोबत गॅसची शेगडी, छोटं सिलिंडर, दोन कढया, परातभर बेसन. तिथे एक पत्र्याची शेड होती, बायका थेट तिच्यात शिरल्या. आम्ही पुरुष क्रिकेट खेळलो. मी पहिल्याच चेंडूवर बाद झालो आणि उरलेला वेळ पंच म्हणून उभा राहिलो, कारण पंचाला भजी जागेवर मिळतात. चौदा खाल्ली. मोजली मी नव्हती, मुलीने मोजली.

परतताना बसमध्ये चांगुणाताई माझ्या मागच्या बाकावर होत्या. इमारतीत येऊन त्यांना चारच महिने झाले होते.

"भाऊ, धरान कसं होतं?"

मी खुलवून सांगितलं. पाण्यावरचं ऊन, पलीकडचे डोंगर, एक खंड्या कसा सूर मारून मासा घेऊन गेला.

"बरं," त्या म्हणाल्या. "आता वैशूला विचारा."

वैशाली म्हणजे माझी बायको. ती खिडकीला डोकं टेकून बसली होती. म्हणाली, "मी कुठे बघितलं? माझी पाठ होती तिकडे."

"अगं, मग सांगायचंस ना!" मी म्हणालो. या वाक्याबद्दल मला गेली वीस वर्षं ऐकून घ्यावं लागतंय, आणि ते योग्यच आहे.

 बसच्या मिणमिणत्या दिव्यात मी मागे वळून बघितलं, तर चांगुणाताईंचा खालचा ओठ पुढे आलेला होता.

पुढच्या वर्षी सहलीची बैठक गच्चीवर भरली. अध्यक्ष पाटणकरसाहेब, निवृत्त अभियंते. घरातल्या चहापासून सरकारच्या धोरणापर्यंत सगळं गरम असताना घ्यावं या मताचे. त्यांनी सामानाची यादी वाचायला घेतली. शेगडी, सिलिंडर, कढई...

"शेगडी खोडा," चांगुणाताई म्हणाल्या. "सहलीच्या दिवशी इमारतीतली एक बी बाई चूल पेटवनार नाय."

"मग खायचं काय? शिळं?"

"शिळं कशापायी? आमच्यात होडी आठ-आठ दिस भायेर असायची. मागनं आय काय कढई घेऊन पोवत जायाची?"

गच्ची हसली. पाटणकरसाहेब हसले नाहीत. "ते लोक होडीवर शिजवत असतील ना?"

"शिजवत ना! भात, कालवन. पन त्ये बाप्ये शिजवत. होडीवर बाई कुठली? घरनं जायाचं तोंडीलावनं. चटनी, लोनचं, सुकट. आदल्या दिवशी करून, नीट बांधून. त्याला शिळं नाय म्हनत सायेब, मुरलेलं म्हनतात."

मग त्यांनी आपला बेत सांगितला. चपात्या, भाकऱ्या, दहीभात ज्याने त्याने सकाळी घरून आणायचा. तोंडीलावणं मात्र वाटून घ्यायचं, घरटी एक, आणि ते आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला तयार पाहिजे. "चपाती गार असली तर काय बिघडत नाय," त्या म्हणाल्या. "जेवान बाजूच्या वाटीवर चालतं."

मला तोवर वाटायचं, चटणी-कोशिंबीर म्हणजे ताटाच्या डाव्या बाजूची शोभा. उजवीकडच्या पंगतीत जागा मिळाली नाही अशांची बसायची सोय. चांगुणाताईंनी ती बाजू वर आणून बसवली.

वाटप त्या कागदावर करत नसत. दारोदार जाऊन, चौकटीला हात लावून सांगायच्या. पाटणकरांकडे तिळाची चटणी. दुसऱ्या मजल्यावर कारळ्याची. समोरच्यांकडे सुकं खोबरं आणि लसूण. कुणाकडे मोडाच्या मटकीची कोरडी उसळ, कुणाकडे लिंबाचं गोड लोणचं, कुणाकडे तळलेल्या सांडग्या मिरच्या, पण घट्ट झाकणाच्या डब्यात, नाहीतर सादळतात. पंचामृत, म्हणजे मिरच्या, तीळ, दाणे, चिंच आणि गूळ घालून शिजवलेलं ते आंबटगोड तिखट प्रकरण, त्या स्वतः करायच्या. शिवाय जवळ्याची चटणी, तिचा डबा वेगळ्या पिशवीत, शाकाहारी घरांचा मान राखून. त्या पिशवीभोवती दुपारी सगळ्यात जास्त गर्दी असायची आणि तिच्यात शाकाहारी घरंही ओळखू यायची, पण त्याबद्दल त्या कधी कुणाला बोलल्या नाहीत.

नियम थोडेच होते. ओलं खोबरं घालायचं नाही, "बारा वाजल्यानंतर त्याचा भरवसा नाय." कच्चा कांदा आदल्या दिवशी चिरायचा नाही. कोशिंबिरीचं मीठ पुडीत वेगळं न्यायचं. घरातल्या बाप्याने काहीतरी हाताने केलेलं असलं पाहिजे, निदान लसूण तरी सोललेला. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे सोपं करायचं. तिसऱ्या मजल्यावरच्या एका वहिनींनी हौसेने अळूवड्या करते म्हटलं तर त्यांना ठाम नकार मिळाला. "आदल्या दिवशी दमून मरशील नि सकाळी बसमदी झोपशील. मंग तू आलीस काय नि नाय आलीस काय!"

आमच्या वाट्याला काकडीची कोशिंबीर आली. वैशालीने ती सरळ माझ्याकडे सरकवली. "बाप्याने केलेलं पाहिजे म्हणे," ती म्हणाली आणि आयुष्यात पहिल्यांदा सहलीच्या आदल्या दिवशी माहेरी फोन लावून निवांत बसली.

चांगुणाताईंनी मला समोर उभं करून सांगितलं होतं. काकडी कोचवायची, डब्यात भरायची. दाण्याचं कूट वेगळं. फोडणी करून गार करून वाटीत. मीठ पुडीत. इतकं साधं. पण मी विचार करणारा माणूस. मी विचार केला, बाई स्वतःच म्हणतात की मुरलेलं चांगलं. मग काकडी मुरायला नको? मीठ वेगळं ठेवलं तर ती मुरणार कशी? बाई अडाणी नाहीत, पण गडबडीत सांगायचं राहिलं असेल. असा त्यांच्यावर उपकार करत मी संध्याकाळीच मीठ, साखर, लिंबू, कूट सगळं घालून छान कालवून ठेवलं.

सकाळी बसपाशी डबा त्यांच्या कानाशी गेला. हलवावाही लागला नाही.

"भाऊ, ह्ये काय हाय?"

"कोशिंबीर."

"ह्येच्यात पोवता येईल."

त्यांनी झाकण उघडलं, एका हाताने काकडी दाबून धरली आणि पाणी पेल्यात ओतलं. दोन पेले भरले. ते सगळ्यांदेखत मला प्यायला लावले. उरलेली काकडी वाटीभर होती, आणि माणसं चाळीसच्या वर. वैशाली दुसरीकडे बघत होती, पण तिचे खांदे हलत होते. मी डबा घेऊन जिना चढलो, आता इतक्या सकाळी काकड्या कुठे मिळतील याचा विचार करत. तेवढ्यात खालून हाक आली.

"भाऊ, या खाली! भिजवलेली मुगाची डाळ हाय माझ्याकडं. तिच्यात घालू. दरसाली कोनतरी असा निघनार, ठावं होतं मला."

मी खाली आलो. त्यांनी डाळ ओतली, मीठ चाखलं, अजून थोडं लिंबू पिळलं. मग हळूच म्हणाल्या, "एक सांगा. वैशूनं हात लावला नाय ना?"

"नाही."

"मंग पास."

चव, माप, प्रमाण यांबद्दल एवढी काटेकोर असलेली बाई. पण खरी तपासणी कसली चालली होती ते मला त्या दोन शब्दांत कळलं. कळायला अंमळ उशीरच झाला, पण माझी ती रीतच आहे.

पाटणकरसाहेब मात्र हार मानणारे नव्हते. तिसऱ्या वर्षी त्यांनी बसच्या मागच्या बाकाखाली, सतरंजीत गुंडाळून, शेगडी आणली. धरणावर पोचल्यावर ती बाहेर काढली आणि म्हणाले, "हे बघा, फक्त दहा मिनिटांचं काम. चार भजी. पाणी, थंडी आणि भजी नाही म्हणजे काय?"

खोटं कशाला बोलू, माझ्या तोंडाला पाणी सुटलं. आम्हा पुरुषांपैकी एकानेही नको म्हटलं नाही. आणि त्याच क्षणी, कुणी काही सांगायच्या आत, पाटणकरवहिनी उठल्या. त्या पाण्यात पाय सोडून बसल्या होत्या. उठल्या, पदर खोचला, आणि ओल्या पायांनी शेगडीकडे चालायला लागल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, कंटाळाही नव्हता. अंगवळणी पडलेलं होतं, एवढंच.

"वैनी, बसा," चांगुणाताई म्हणाल्या.

"अहो, दहा मिनिटं तर लागतात."

"बसा म्हनते ना. सायेब, चूल तुमी आनली. पेटवा. पीठ तुमचं, कढई तुमची, हात बी तुमचेच लागू द्या."

पाटणकरसाहेबांनी आमच्याकडे बघितलं. आम्ही डोंगराकडे बघितलं. मग त्यांनी खरोखर बाह्या सरसावल्या. ती भजी मला अजून दिसतात. म्हणजे भजी नव्हेच, भजं. पीठ इतकं सैल झालं होतं की कढईत सोडलं ते कढईभर पसरलं आणि कढईच्याच आकाराचं वर आलं. साहेबांनी ते उलटायला दोन झारे वापरले. शेवटी सुरीने त्याचे तुकडे केले, वाढदिवसाच्या केकसारखे.

"अहो, मीठ घातलंत का?" पाण्यातून वहिनी ओरडल्या.

साहेब झारा हातात घेऊन तसेच उभे राहिले. घातलं नव्हतं. वहिनी हसायला लागल्या. इतक्या हसल्या की पाण्यात पडतील म्हणून वैशालीने त्यांचा दंड धरला. इमारतीत एवढी वर्षं शेजारी राहून मी त्यांना हसताना ऐकलं नव्हतं. आम्ही ते बिनमिठाचं भजं तिळाच्या चटणीशी खाल्लं आणि ताटं स्वच्छ केली.

त्यानंतर साहेबांनी शेगडी पुन्हा आणली नाही, पण तीन दगडांची चूल मांडून चहा करायचं खातं स्वतःकडे घेतलं. आम्ही सगळे पुरुष त्यांच्या हाताखाली. चांगुणाताईंनी परवानगी दिली. "होडीवरचा नियम," म्हणाल्या.

हे सगळं त्या कशासाठी करतात, हे त्यांना कुणी विचारलं नाही. वैशालीने एकदा विचारलं. दोघी आमच्या ओट्यापाशी कोथिंबीर निवडत होत्या, मी बाहेर पेपर वाचत होतो, म्हणजे ऐकत होतो.

"आमच्या गावची पालखी दारावरनं जायाची," चांगुणाताई म्हणाल्या. "वाजत गाजत. सारा गाव भायेर. आन् आय आत वडे तळायची, पावन्यांसाठी. नुस्ता आवाज आयकायची. मी बारकी होते, धावत जाऊन सांगायची, आय, पालखी आली, चल. तर म्हनायची, घाना काढते नि आलेच. घाना निघायचा तवर पालखी फुडच्या आळीत. मरस्तोवर बघितली नाय तिनं. दारावरनं जायाची, वैशू. दारावरनं."

 कोथिंबीर त्या दिवशी फार वेळ निवडली गेली.

दहा-बारा वर्षं सहली अशाच झाल्या. इमारतीत नवीन माणसं आली, निम्मी जुनी खारघरला मोठ्या जागेत गेली. मग एका डिसेंबरात चांगुणाताई न्हाणीघरात पडल्या आणि मांडीचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली. मुलाने पलंग खिडकीशी लावून दिला. जानेवारीच्या सहलीला त्या येणार नाहीत हे उघड होतं. आणि गच्चीवरच्या बैठकीत, त्या नाहीत म्हटल्यावर, नवीन सचिव म्हणाले, "यंदा काही हा आदल्या दिवशीचा व्याप नको. ताई आजारी आहेत. तिथेच गरमागरम पिठलं-भात टाकू. लेडीज आहेतच सगळ्या, किती वेळ लागतो?"

कुणी विरोध केला नाही. त्यात मीही आलो. वाटलं, बाई अंथरुणावर आहेत, आता कुठे हा हट्ट धरायचा?

वैशाली बैठकीतून उठून थेट तळमजल्यावर गेली. पाच मिनिटांत खालून तो आवाज आला. हाड मोडलेलं असलं तरी गळा शाबूत होता.

"मी नाय येत म्हनून चूल येनार काय? वर हायेत त्या समद्यांना सांगा! शनवारी पाच वाजता डबे माझ्याकडं! समदे!"

शनिवारी पाच वाजता त्यांच्या पलंगापाशी रांग लागली. उशीला टेकून, अर्धवट बसून, त्या एकेक डबा कानाशी नेत होत्या. नवव्या डब्याला हात कानापर्यंत जाईना. मग वैशाली पलंगाच्या कडेला बसली आणि डबे त्यांच्या कानाशी धरून हलवायला लागली. त्या डोळे मिटून ऐकायच्या आणि मान हलवायच्या.

शेवटी तिसऱ्या मजल्यावरची नवीन लग्न झालेली मुलगी आली. बिटाची कोशिंबीर. डबा हलवला, आणि आतलं पाणी दारात उभ्या असलेल्या मलाही ऐकू आलं. पोरीचा चेहरा पडला.

चांगुणाताईंनी डोळे उघडले. "पास."

मी घसा खाकरला. माझे दोन पेले मला आठवत होते. त्यांनी माझ्याकडे लक्षच दिलं नाही.

"उद्या तिथं काय करनार गं?"

"काकू, कुणाला मदत लागली तर..."

"मदत नाय करायची. पान्यात पाय सोडून बसायचं. जमंल?"

"हो," पोरगी म्हणाली, आणि खरोखरच अवघड काम मिळाल्यासारखी मान डोलावून गेली.

दुसऱ्या दिवशी धरणावर सचिवांनी शेगडी काढलीच. सोबत बेसन, तांदूळ, सगळं. "डबे आहेत ते राहू दे की," म्हणाले, "थोडं गरम असलं तर काय बिघडलं?" बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. दोघी-तिघींचे हात पदराकडे गेलेही. तेवढ्यात पाटणकरवहिनी, सत्तरी ओलांडलेल्या, काठी टेकत आल्या. त्यांनी शेगडीवरची काडेपेटी उचलली आणि आपल्या पर्समध्ये टाकली.

"चहाच्या वेळी आमच्या ह्यांना देईन," म्हणाल्या, आणि पाण्याकडे गेल्या. त्यांच्यामागून वैशाली गेली, मग ती नवीन मुलगी, मग सगळ्याच. सचिव बेसनाची पिशवी धरून उभे राहिले. पाटणकरसाहेब त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मी गेलोय यातून. चला, दगड शोधू."

उन्हाळ्यात चांगुणाताईंना मुलाने उरणला भावाकडे नेलं, हवापालट म्हणून. तिथून त्या परत आल्या नाहीत. मी त्यांना शेवटचं नीट पाहिलं ते या सहलीच्या संध्याकाळी.

बस दारात थांबली तेव्हा त्या खिडकीतच होत्या, गजांना धरून, कधीपासून कोण जाणे. आम्ही उतरलो. मला वाटलं, डबे विचारतील, काय संपलं, काय उरलं. त्यांनी एका बोटाने वैशालीला जवळ बोलावलं. ती खिडकीशी गेली. चांगुणाताईंनी गजांतून हात बाहेर काढला, तिची ओढणी धरली, नाकाशी नेली आणि हुंगली.

"नुस्ता पान्याचा वास हाय," त्या म्हणाल्या.

मग मला बोलावलं. माझी बाही ओढून हुंगली आणि नाक मुरडलं. "धूर."

"चहा केला आम्ही. चाळीस जणांना."

"कसा झाला?"

"साखर कमी होती," वैशाली म्हणाली.

"चालंल. बाप्यांना धूर चालतो. पाटनकर वैनींना बोलवा. तिचा पदर राह्यलाय."

वहिनी आल्या. त्यांच्यामागे दुसऱ्या मजल्यावरच्या आल्या, मग ती नवीन मुलगी. कुणी सांगितलं नव्हतं, पण बसमधून उतरलेली एकेक बाई खिडकीशी जाऊन थांबत होती आणि आपला पदर गजांतून आत देत होती. आणि आत चांगुणाताई, डोळे मिटून, एकेक पदर नाकाशी धरून, खोल श्वास घेत होत्या.